प्रकल्प नोंदी: विमानाचं ड्रॉइंग, अक्कलकोट रोडची शेड

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

काम ठरलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पुतण्याची शेड आहे, एरवी तिथे पॉवरलूमचे सुटे भाग बनतात. रविवारी सकाळी ती मोकळी असते. तेवढ्या वेळात पोरांना विमानाच्या देखभालीतली ड्रॉइंग वाचायला शिकवायची आणि शेवटी त्यांच्याकडून एक पॅनेल बनवून घ्यायचं. पॅनेल म्हणजे विमानाच्या स्किनचा तुकडा: साधारण हातभर पत्रा, मागून दोन स्ट्रिंगर (पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या), मधोमध कापून काढलेला 'डॅमेज' आणि त्यावर रिव्हेट मारलेला डबलर, म्हणजे ठिगळाचा पत्रा. ड्रॉइंग मी काढलंय, खऱ्या दुरुस्तीच्या ड्रॉइंगला जे जे असतं ते सगळं त्यात घातलंय. चारी कोपऱ्यांत लाल शिक्का: फक्त प्रशिक्षणासाठी.

नियम एकच. तोंडी काही सांगायचं नाही. जे करायचं ते कागद सांगेल.

पोरं पाच. दोघं डिप्लोमा मेकॅनिकलची. एक मुलगी फिजिक्स करून आता विमान देखभालीच्या परवान्याची परीक्षा देतेय. तिला डीजीसीएचं (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं) मॉड्यूल ७ आहे, मेंटेनन्स प्रॅक्टिसेस, आणि त्यात ड्रॉइंग, डायग्राम, मानकं असा एक धडाच आहे. एक आयटीआयचा वायरमन. आणि एक टॉवेल कारखान्यात जॅकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) दुरुस्त करणारा, त्याला परीक्षाबिरीक्षा काही द्यायची नाही. "बघू द्या की ओ काका," एवढंच म्हणाला. मी ठेवून घेतला.

ही हौस आत्ताच का, ते उघड आहे. होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, जून २०२५ पासून गोव्याचं एटीआर सुरू झालं. डोक्यावरून पंखे गरगरत जाणारं विमान दिसायला लागलं की पोरांना प्रश्न पडतात. मला आयुष्यभर वायुसेनेत एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर, काम करून जे येतं, ते द्यायला ही चांगली वेळ आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

ड्रॉइंग भिंतीवर लावलं आणि मधली सगळी आकृती खाकी कागदानं झाकून टाकली. पोरं बघतच राहिली. उघडं राहिलं ते कडेचं: खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट), त्याच्या डोक्यावर पार्ट लिस्ट, वर उजवीकडे रिव्हिजनचा, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्यांचा, तक्ता, डाव्या अंगाला नोट्स. म्हटलं, आता सांगा यातून काय काय कळतं.

पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकेक निघायला लागलं. पत्रा २०२४-टी३ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू), जाडी ०.०३२ इंच. मापं इंचात. प्रोजेक्शन, म्हणजे दृश्यं कागदावर मांडायची रीत, थर्ड अँगल. रिव्हिजन बी. हे ड्रॉइंग सिरियल नंबर ००१ ते ०४० या विमानांनाच लागू. ०४१ वं विमान हँगरमध्ये असेल तर आकृती कितीही जुळू दे, हा कागद त्याचा नाही. नोट ३ म्हणते पत्र्याच्या ग्रेनची (लाटणीच्या रेषांची) दिशा बाणाप्रमाणे ठेवा. नोट ५ म्हणते कापलेल्या कडेचा बर (धारदार कंगोरा) काढा आणि उघड्या धातूला प्रायमर लावा. पार्ट नंबरच्या शेवटी -१ आणि पुढे 'डावा दाखवला आहे, उजवा -२ उलट'. म्हणजे विषम आकडा डाव्या बाजूचा, सम आकडा उजव्या बाजूचा, आणि उजव्याचं चित्र कुठेच काढलेलं नाही. ते डोक्यात उलटं करून घ्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, चौकटीत. तिथे लिहिलंय: दोन दशांश स्थळांच्या मापाला अधिक-उणे ०.०३, तीन स्थळांच्या मापाला अधिक-उणे ०.०१०. जॅकार्डवाला म्हणाला, "०.५० काय न् ०.५०० काय, सारखंच की ओ." गणितात सारखंच. या कागदावर नाही. शेवटच्या शून्यानं सूट एक तृतीयांशावर आणली. डिझायनरनं ते शून्य लिहिलंय ते खर्च वाढणार हे माहीत असून लिहिलंय, उगाच नाही. (मिलिमीटरमधल्या आयएसओ पद्धतीच्या ड्रॉइंगला हा नियम लावू नका. तिथे शून्यावर काही अवलंबून नसतं, सर्वसाधारण टॉलरन्सचा वर्ग वेगळा लिहिलेला असतो.)

खाकी कागद काढल्यावर डिप्लोमावाल्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे पट्टी लावली. सहा इंचांचं माप तीन इंच भरलं. टायटल ब्लॉकमध्ये तर स्केल १:१ लिहिलेलं. त्याला वाटलं ड्रॉइंग चुकलंय. ड्रॉइंग ए१ चं, झेरॉक्सवाल्यानं काढलं ए३ वर. लांबी निम्मी होणारच. म्हणून तर नोट १ मध्ये लिहिलेलं असतं, ड्रॉइंगवर मोजू नका. माप लिहिलेलं नसेल तर ते विचारायचं असतं, कागदावरून काढायचं नसतं.

जॅकार्डवाल्याला मात्र ही रीत पटकन कळली. चादरीच्या डिझाइनचा ग्राफ असतो, त्यावरून कार्ड पंच करणारा माणूस मोर बघत नाही, ओळ बघतो. मोर शेवटी मागावर दिसतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज फर्स्ट अँगल, थर्ड अँगल. पॉलिटेक्निकच्या पोरांना हे येत नाही असं नाही, त्यांना एकच येतं. आपल्याकडे शिकवतात ते फर्स्ट अँगल, भारतीय मानकाप्रमाणे. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगल. मी नोकरीत रशियन पद्धतीच्या ड्रॉइंगवर वाढलो, तीही फर्स्ट अँगल आणि मिलिमीटरमध्ये. अक्षरं ओळखायला सहा महिने गेले, पण आकृती घरचीच वाटायची. बोईंगचा कागद हातात आला की डोकं उलटं फिरवावं लागतं.

व्याख्यान दिलं नाही. दोन जोड्या केल्या, दोघांना एकाच ब्रॅकेटची दोन दृश्यं दिली, समोरून आणि बाजूनं. एका प्रतीवर प्रोजेक्शनची खूण फर्स्ट अँगलची, दुसरीवर थर्ड अँगलची. बाकी रेघन्रेघ तीच. सांगितलं, पत्रा वाकवून आणा.

दोन ब्रॅकेट टेबलावर आले. एकाचं भोक डाव्या पाकळीत, एकाचं उजव्या. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. दोन्ही जोड्या आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होत्या, हे त्यांना पटायला वेळ लागला. विमानात डावा ब्रॅकेट उजवीकडे बसत नाही. किंवा वाईट म्हणजे, बसतो.

खुणेतला छाटलेला शंकू सगळे पाठ करतात आणि परीक्षेत उलटा लिहितात. पाठ करायची गरज नाही. शंकूचं अरुंद तोंड कुठे आहे बघा. दोन वर्तुळं अरुंद तोंडाच्या बाजूला काढली असतील तर थर्ड अँगल, कारण जिथून बघितलं तिथेच चित्र ठेवलं. वर्तुळं रुंद बाजूच्या पलीकडे असतील तर फर्स्ट अँगल, कारण वस्तूच्या आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीवर चित्र पडलं. फिजिक्सवाली म्हणाली, "सर, हे असं कुणी सांगितलंच नाही." सांगितलं असेल, वहीत असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

रेघा. जाड सलग रेघ दिसणारी कड, तुटक म्हणजे लपलेली, लांब-आखूड म्हणजे मध्यरेषा, लांब-आखूड-आखूड म्हणजे फँटम. फँटमवर थोडं थांबलो, कारण पोरं ती रेघ बघून भाग बनवायला घेतात. ती शेजारच्या भागाची जागा दाखवते, किंवा हलणाऱ्या भागाची दुसरी स्थिती. फ्लॅप खाली आल्यावर कुठे येईल ते. त्या रेघेचा पत्रा कापायचा नसतो. बाकी सगळं अर्ध्या तासात उरकलं, ते पुस्तकात वाचून येतं.

मधल्या चहाला विषय निघाला म्हणून सांगितलं: वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मले, २३ नोव्हेंबर १८८२, म्हणजे आजच्याच तारखेला. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी बेंगळुरूला म्हैसूर संस्थानाच्या साथीनं हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली, तीच पुढे एचएएल झाली. त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरालाही हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं ते फक्त कॉलेजचंच नाव.

रविवार, ३० नोव्हेंबर

सेक्शन व्ह्यू, म्हणजे वस्तू कापल्यासारखी करून आतलं दाखवणारं दृश्य. कटिंग प्लेनचे बाण ज्या दिशेला, त्या दिशेला बघायचं. तिरक्या रेघा वेगवेगळ्या कोनात म्हणजे वेगवेगळे भाग. एवढं सांगून सरळ जपान एअरलाइन्सच्या उड्डाण १२३ च्या अपघातावर आलो. सेक्शन व्ह्यू कशासाठी काढतात हे त्यापेक्षा चांगलं कशानं कळत नाही.

२ जून १९७८ ला ओसाकात एका बोईंग ७४७ चं शेपूट उतरताना धावपट्टीवर घासलं. मागचा प्रेशर बल्कहेड, म्हणजे केबिनची हवा कोंडून धरणारा घुमटाकार पडदा, त्याचा खालचा अर्धा भाग बदलला. वरचा जुना अर्धा आणि खालचा नवा अर्धा जोडताना काही भागात रिव्हेटपासून कडेपर्यंत पुरेसं अंतर मिळेना. मग तिथे मध्ये एक एकसंध स्प्लाइस प्लेट (जोडपट्टी) घालून जोड करायचा, असं दुरुस्तीत ठरलं. प्रत्यक्षात ती पट्टी दोन तुकड्यांत बसली. जोडाच्या त्या पट्ट्यात भार रिव्हेटच्या दोन ओळींवरून जायचा तो एकाच ओळीवरून जायला लागला. विमान त्यानंतर सात वर्षं उडत राहिलं. प्रत्येक उड्डाणात पडदा फुगायचा आणि बसायचा, भोकाभोकांतून तडे वाढत होते. १२ ऑगस्ट १९८५ ला तो फाटला, उभं शेपूट मोडलं, चारही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. ५२४ पैकी ५२० माणसं गेली.

मग आम्ही तोच जोड पट्ट्यांनी केला. तीन थर, रिव्हेटऐवजी खिळ्या. एकदा मधली पट्टी अखंड, एकदा मधोमध कापलेली. वरून बघा: दोन्ही जोड अगदी सारखे. खिळ्यांचे तेवढेच माथे, तेवढंच अंतर. बाजूनं बघितलं, म्हणजे सेक्शनमध्ये, तेव्हाच फट दिसते. कापलेला जोड वायरमननं दोन्ही हातांनी ओढला, एका ओळीपाशी पट्टी तिरकी झाली. तोही मग काही बोलला नाही, नाहीतर सतत बोलत असतो.

वरून बघून जोड पास करणारा कुठलाही माणूस या विमानालाही पास करून गेला असता. हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

रविवार, ७ डिसेंबर

रिव्हेटची खूण. पोरांना ही सगळ्यात आवडली, कोडं सोडवल्यासारखं होतं.

आमच्या ड्रॉइंगवर प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या रिव्हेटच्या जागी अधिक चिन्ह आहे, चारी कोपऱ्यांत अक्षरं. पद्धत अमेरिकन, एनएएस ५२३ मानकाची. वर डावीकडे बीजे: म्हणजे एमएस२०४७०एडी, युनिव्हर्सल हेडचा (गोल माथ्याचा), २११७ मिश्रधातूचा. तिथे बीबी असतं तर एमएस२०४२६एडी, १०० अंशांचा काउंटरसंक, म्हणजे पत्र्यात बुडणाऱ्या माथ्याचा. वर उजवीकडे ४एन: व्यास बत्तिसाव्या भागात, ४/३२ म्हणजे १/८ इंच, एन म्हणजे तयार माथा आपल्या बाजूला, एफ असेल तर पलीकडे. खाली उजवीकडे लांबी, सोळाव्या भागात: ४, म्हणजे पाव इंच. खाली डावीकडचा कोपरा काउंटरसिंक किंवा डिंपलसाठी, आमचा रिकामा.

डिप्लोमावाल्यानं बरोब्बर बोट ठेवलं: एकाच नंबरात एक ४ बत्तिसावा आणि दुसरा ४ सोळावा, असं कसं? असंच आहे. एमएस२०४७०एडी४-४ मधले दोन्ही ४ वेगळे आहेत, त्याबद्दल भांडायला कुणी शिल्लक नाही. आणि लांबी मोजायची रीतही वेगळी: गोल माथ्याच्या रिव्हेटची माथ्याखालून, काउंटरसंकची माथ्याच्या सपाटीपासून, कारण त्याचा माथा पत्र्यातच बसतो.

लांबी बरोबर दिलीय का ते ताडून बघितलं. दोन पत्रे ०.०३२ चे, ग्रिप (एकूण जाडी) ०.०६४. त्यात व्यासाच्या दीडपट म्हणजे ०.१८७५ मिळवा. ०.२५१५. पाव इंच ठीक. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच यायला हवं, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद, १.६ उंच. जॅकार्डवाल्यानं लगेच एका पट्टीत भोक पाडून आणि बाजूला खाच करून गेज बनवला. त्याला सांगावं लागत नाही.

कडेचं अंतर: गोल माथ्याला भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान व्यासाच्या दुप्पट, काउंटरसंकला अडीचपट. दोन रिव्हेटमधलं अंतर तीनपटीच्या खाली नाही, एरवी चार ते सहापट. पण हे सर्वसाधारण नियम. ड्रॉइंगवर माप लिहिलंय तिथे नियम गुंडाळून ठेवायचा.

शनिवार, १३ डिसेंबर

ड्रिल आणायला बाजारात गेलो, सोबत पुतण्या. ड्रॉइंग म्हणतं ३० नंबरचं ड्रिल, भोक ०.१२८ ते ०.१३२ इंच. नंबरी ड्रिल आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळत, मिलिमीटरची मिळतात. दुकानदारानं ३.२ काढून दिलं. पुतण्या म्हणाला, "चालतंय की काका, काय होतंय त्याला." तिथेच काउंटरवर हिशोब केला: भोकाची मर्यादा ३.२५ ते ३.३५ मिलिमीटर. ३.२ बाहेर, ३.३ आत. ३.३ घेतलं. पुतण्याला हा हिशोब कंटाळवाणा वाटला, पण परतीच्या वाटेवर त्यानं स्वतःच्या लूमच्या एका बुशचं माप काढलं आणि गप्प झाला. त्याचं त्याला काहीतरी सापडलेलं दिसतंय.

पत्रा ०.८ मिलिमीटरचा साधा ॲल्युमिनियम, ०.०३२ ला जवळ. रिव्हेटही मऊ ॲल्युमिनियमचे, सपाट कोऱ्या माथ्याचे. खऱ्या एडी रिव्हेटच्या माथ्यावर बारीक खळगा असतो, तोच त्याची ओळख. यांच्यावर काही नाही. म्हणून पॅनेलवरही शिक्का मारायचाय.

रविवार, १४ डिसेंबर

इलस्ट्रेटेड पार्ट्स कॅटलॉग, सगळे आयपीसी म्हणतात. यातली चित्रं सगळ्यात देखणी: सगळे भाग सुटे करून हवेत ओळीनं मांडलेले. म्हणून पोरं यावरूनच जोडणी करायला बघतात. आयपीसी फक्त भाग ओळखायला. जोडणीचा क्रम, टॉर्क, सीलंट हे मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये. आयटम नंबरच्या आधी आडवी रेघ असेल तर तो भाग चित्रात नाहीच, शोधत बसू नका. आणि इथेही तीच गोष्ट: बोट आधी इफेक्टिव्हिटीच्या, म्हणजे कुठल्या विमानांना लागू त्या, रकान्यात, मग पार्ट नंबरवर, चित्र नंतर.

आज मुद्दाम बोल्टचा डबा ठेवला होता. त्यात १०-३२ चे इंची बोल्ट (विमानाच्या एएन३ बोल्टला हाच आटा असतो) आणि आपल्या बाजारातले एम५, सगळे मिसळलेले. सांगितलं, नुसतं बघून वेगळे करा. दोघांच्या आट्यातलं अंतर बघा: एकाचं ०.८ मिलिमीटर, दुसऱ्याचं ०.७९४. व्यासात फरक ०.१७. कुणालाही सगळे बरोबर निवडता आले नाहीत. वाईट भाग असा की १०-३२ चा बोल्ट एम५ च्या नटात सुखानं जातो, किंचित सैल. हाताला तो फिटच वाटतो.

मग १० जून १९९० ची गोष्ट सांगितली. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन, बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेलं. सुमारे १७,००० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूनं त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. काच नुकतीच बदललेली. बदलणाऱ्यानं जुना बोल्ट हातात घेऊन त्याच्याशी जुळणारे बोल्ट नजरेनं निवडले होते. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासानं ०.०२६ इंच बारीक, उरलेले सहा लांबीला आखूड. खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणू नये पण, जे जुने बोल्ट नमुना म्हणून घेतले तेसुद्धा चुकीचेच होते, तेही आखूड. जुन्यावरून नवं घ्यायचं म्हणजे आधीच्या माणसावर आंधळा विश्वास. बरोबर नंबर आयपीसीत छापलेला होता.

वायरमन म्हणाला, "आम्ही पण जुना होल्डर घेऊनच दुकानात जातो की ओ." जा, घरच्या होल्डरला जा.

एएन बोल्टच्या लांबीत एक खाच आहे ती लिहून ठेवतो, दरवर्षी कुणीतरी पडतो त्यात. एएन४-७ म्हणजे ७/८ इंच. एएन४-१० म्हणजे १०/८ नाही. पहिला आकडा अख्खे इंच, दुसरा आठवे भाग, म्हणजे सरळ एक इंच. ८ आणि ९ नंबर म्हणूनच नसतात.

रविवार, २१ डिसेंबर

स्टेशन नंबर, म्हणजे विमानातली जागा सांगणारे आकडे. शेडच्या फरशीवर खडूनं विमान आखलं. फ्युजलाज (विमानाचं धड) स्टेशन नाकाकडून शेपटाकडे, वॉटर लाइन खालून वर, बटक लाइन मधल्या रेषेपासून डावीउजवीकडे. डावं-उजवं कॉकपिटमध्ये पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचं. समोर उभं राहून विमान बघणाऱ्याचं नाही. शून्य स्टेशन पुष्कळदा नाकाच्याही पुढे हवेत असतं, म्हणून नाकाचं टोक शून्य धरून टेप लावू नका. आणि मूळ विमान लांबवून नवं मॉडेल काढलं की मधे घातलेल्या तुकड्याच्या स्टेशनांना तोच आकडा ठेवून पुढे अक्षर लावतात, बोईंग ७३७ मध्ये तसं आहे. आकडे पुढे ढकलले तर मागच्या सगळ्या जुन्या ड्रॉइंगचं पुन्हा लिखाण.

एटीए चे, म्हणजे मॅन्युअलच्या विषयांना ठरवून दिलेल्या आकड्यांचे, धडे पाठ करून घेतले, नेहमीचे तेवढेच: २४ वीज, २७ फ्लाइट कंट्रोल, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ५२ दारं, ५३ फ्युजलाज, ५७ पंख. १९५६ पासूनची ही व्यवस्था. विमान कुठल्याही कंपनीचं असो, चाकाचा कागद ३२ मध्येच.

रविवार, २८ डिसेंबर

वायरिंग. आज वर्ग वायरमननं घेतला, मी बाजूला बसलो. स्किमॅटिक म्हणजे वीज कशी वाहते ते. वायरिंग डायग्राम म्हणजे तार कुठल्या कनेक्टरच्या कुठल्या पिनेतून निघून कुठे जाते ते. दोष शोधायला पहिलं, तार बदलायला दुसरं. गेजचा आकडा वाढला की तार बारीक, हे त्यानं २० आणि १२ गेजचे तुकडे दाखवून सांगितलं. मी एकच भर घातली: चित्रातले रिले आणि स्विच सहसा वीज बंद आणि विमान जमिनीवर अशा स्थितीत काढलेले असतात. हे कोपऱ्यातल्या नोटेत असतं. ती नोट न वाचता काँटॅक्ट 'उघडा' दिसला म्हणून रिले बदलणारे मी पाहिलेत.

रविवार, ४ जानेवारी २०२६

पत्रा कापणं, भोकं, क्लेको (तात्पुरत्या पकडी) लावून जुळवणं, बर काढणं. दिवसभर चाललं, दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी शेडमध्येच. दोन पथकं, दोन पॅनेल.

आता एक गोष्ट इथे लिहितो, पोरांना अजून सांगितलेली नाही. भिंतीवर दोन प्रती आहेत. टेबलाजवळ रिव्हिजन बी. मागच्या बाजूला, ड्रिल मशीनशेजारी, मी जुनी रिव्हिजन ए लावून ठेवली आहे. ए मध्ये डबलरच्या रिव्हेटचं अंतर ०.५००, बी मध्ये ०.६२५. बाकी चित्र डोळ्यांना एकसारखं. हँगरमध्ये असंच होतं: कुणीतरी सोयीसाठी यंत्राजवळ प्रत चिकटवतो, ड्रॉइंग बदलतं, प्रत तिथेच पिवळी होते.

रविवार, ११ जानेवारी

तपासणी. एका पथकाचं पॅनेल दुसऱ्यानं तपासायचं, हातात ड्रॉइंग घेऊन.

फिजिक्सवालीच्या पथकाचं अंतर ०.६२५, भोकं मर्यादेत, कडेचं अंतर ठीक. मागची दोन डोकी चपटी झालेली. गेजनं पकडली, रिव्हेट काढून पुन्हा मारायला सांगितले. ती ड्रिलजवळच्या प्रतीशी गेली होती, पण तिनं आधी वर उजवीकडचा रिव्हिजनचा तक्ता बघितला आणि प्रत काढून मला आणून दिली होती. "सर, ही इथे कशाला?" मी काही बोललो नव्हतो.

दुसऱ्या पॅनेलवर रिव्हेट सुंदर. खरंच सुंदर, एका रेषेत, डोकी एकसारखी, ठोकलेत जॅकार्डवाल्यानं. अंतर ०.५००. डिप्लोमावाल्यानं भोकं आखली होती ती ड्रिलजवळच्या कागदावरून. त्याचं म्हणणं, रिव्हेट जास्त बसले म्हणजे जोड उलट मजबूत झाला. असेलही. भोकं वाढली की पत्रा कमी उरतो हे त्यानंच मग फळ्यावर मांडलं, आणि मांडता मांडता आवाज खाली आला. ए वरून बी का झालं ते ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यानं ते ठरवायचंही नाही. लाल टॅग लावला, कारणाच्या रकान्यात त्याच्याच हातानं लिहून घेतलं: रद्द झालेल्या रिव्हिजनप्रमाणे काम.

पुतण्याला ते पॅनेल शेडच्या खिडकीला लावायचं होतं, इतकं चांगलं दिसतंय म्हणून. म्हटलं घे, पण आधी कटरनं आडवं कापून दोन तुकडे कर. बाद भाग अखंड सोडला की तो कुठून तरी फिरून परत येतो.

या आठवड्यात गड्ड्याची यात्रा, शेड बंद आणि पोरंही मिळायची नाहीत. रविवार १८ तारखेला दुसऱ्या पथकासाठी नवा पत्रा. भिंतीवर प्रत एकच राहील. उजवा पॅनेल -२ अजून कुणी हातात घेतलेला नाही. त्याचं चित्र द्यायचं नाही.